हौदा

बाणेरच्या शोरूममध्ये पोरानं आधी पाणी विचारलं,
मग बजेट, मग म्हणाला,
"सर, यूज काय असणार आहे?"
घरचाच, मी म्हणालो. शाळा, दवाखाना,
महिन्यातून एकदा भोर,
अधूनमधून नीलाक्षीची मातीची भांडी, प्रदर्शन असलं की.
त्यानं लिहून घेतलं : फॅमिली.

आप्पा तोवर बाहेर,
चपलेच्या टोकानं टायर दाबून बघत.

आमची परीक्षा साधी होती.
पाषाण ते सूस, मागची सीट, काचा बंद,
शर्वाणीला उलटी होते का.
तिच्या मुठीत लिंबू,
नीलाक्षीच्या पर्समध्ये घडी घातलेली पिशवी.
पहिल्या गाडीची पाठ भिंतीसारखी ताठ.
"जरा मागे होत नाही का?"
"नाही मॅडम, मागे लगेच हौदा आहे ना."
तिसऱ्या गतिरोधकाला लिंबू नाकाशी गेलं.
ती गाडी तिथंच संपली.

दुसरी बरी. पाठ थोडी कलती,
खड्ड्यातून जाताना पोट जागेवर राहतं.
हिला मध्यम म्हणतात.
पार्किंग मी टेपनं मोजून आलो होतो,
खांबापासून फडतऱ्यांच्या स्कूटरपर्यंत सव्वापाच मीटर.
गाडी पाच मीटर तीस.
पाच सेंटीमीटरसाठी फडतऱ्यांशी बोलावं लागणार,
आणि ते नक्की विचारणार,
"काय, टेम्पो घेताय?"

टेम्पो.

भवानी पेठेतल्या शाळेपाशी रोज मी म्हणायचो,
कोपऱ्यावरच सोडा.
आप्पा कोपऱ्यावरच सोडायचे.
मागे गवारीची पोती, कोबी, ओल्या गोणपाटाचा वास,
तो वर्गात माझ्याआधी पोचायचा.
ड्रायव्हरच्या सीटवर दुमडलेलं पोतं,
शेजारी आईसाठी एक उशी, अभ्रा मात्र धुतलेला.
धाकटीच्या वेळी मार्केट यार्डातून ससूनला
त्याच टेम्पोतून नेलं तिला, भाजी न उतरवता.
तेव्हा सस्पेन्शन म्हणजे आप्पांचा डावा पाय.
क्लच असा सोडायचे, जसं झोपलेल्या पोराखालून हात काढावा.
आई सांगायची,
कळ कळली, रस्ता कळला नाही.

आणि मी इथं तीन रविवार विचारतोय,
मागे एसीचा झोत किती, मांडीला आधार किती,
हप्ता किती.

परत आल्यावर आप्पांनी फाळका पाडला.
आतून हात फिरवला, कडेकडेनं.
"दोरी बांधायला कड्या कुठायत?"
"आजोबा, ही लाइफस्टाइल गाडी आहे."
"म्हणजे?"
पोरगा अडखळला.
"म्हणजे... भरायचं असं काही नसतं."
आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, फार दयेनं.
मग वितीनं लांबी मोजली, रुंदी मोजली,
ओठ हलत होते.
"सोळा क्रेट," म्हणाले. "दाबून अठरा."
आणि फाळक्यावर बसले, पाय सोडून.
शर्वाणी त्यांच्याशेजारी चढली.
"बाबा, इथं मला अजिबात मळमळत नाही!"
"गाडी उभी आहे, बाई."
"तरीपण."

नीलाक्षी म्हणाली, हीच घेऊ.
भांड्यांचं ती काही बोलली नाही.
बोलली ते एवढंच, की साडीत चढायला
पायरी लागेल, ती वेगळी घ्यावी लागते का?
लागते. सगळंच वेगळं घ्यावं लागतं.

फॉर्म भरताना पोरगा माझ्याकडे वाकला,
धीर द्यावा तसा हळू म्हणाला,
"पाटी पांढरीच येते, सर. टेम्पोसारखी पिवळी नाही."
मी आप्पांकडे बघितलं.
ते ऐकत नव्हते,
किंवा कोपऱ्यावर थांबायचे तेव्हा ऐकायचे नाहीत, तसे.

मी म्हणालो, रंग कुठलाही चालेल.
कड्या बसवून द्या.
चार.